बहिरी ससाणा आणि केशरी शैवाक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक आकाशातून दगडासारखा कोसळतो, तर दुसरं दगडालाच चिकटून बसतं. या दोघांबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण विषयच तसा आहे. काही एका ओळीत संपतात.

ही तुलना कशासाठी? या दोघांचा एकमेकांशी संबंध तरी काय?

वरवर पाहता काहीच नाही. म्हणूनच आधी ती गंमत म्हणून केली जाते : सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात संथ. पण थोडं खोलात गेलं की लक्षात येतं, ही दोघं एकाच कड्यावर राहतात, एक दुसऱ्याला नकळत खाऊ घालतं आणि दुसरं पहिल्याचा पत्ता जगाला सांगतं. शिवाय माणसाने हवेत आणि शेतात सोडलेल्या विषांची बातमी या दोघांनी दिली, तीही अगदी वेगवेगळ्या वाटांनी. वेगाची तुलना चहाटळपणा वाटत असेल तर थेट त्या प्रश्नांकडे जा.

नेमक्या कोणत्या जाती?

पक्षी म्हणजे बहिरी ससाणा, शास्त्रीय नाव फाल्को पेरेग्रिनस. शैवाक म्हणजे झँथोरिया एलिगन्स. अलीकडचे अभ्यासक त्याला रुसाव्हस्किया एलिगन्स म्हणतात, पण जुनं नाव अजून सर्रास चालतं. मराठीत त्याला रूढ नाव नाही, म्हणून या पानावर त्याला ‘केशरी शैवाक’ म्हटलं आहे. खडकावर चिकटलेली, कडेला बारीक पाकळ्यांसारखी फाटलेली, भडक नारिंगी चकती डोळ्यांपुढे आणा. तेच ते.

शैवाक आणि शेवाळ एकच ना?

नाही, आणि हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. ओल्या भिंतीवर हिरवं, घसरडं दिसतं ते शेवाळ. शैवाक म्हणजे बोलीत ज्याला दगडफूल म्हणतात ते : कोरडं, खरखरीत, बहुधा राखाडी, पिवळट किंवा नारिंगी. ते फूलही नाही आणि एकच एक सजीवही नाही. बुरशीने बांधलेल्या घरात शैवाल (उन्हावर अन्न तयार करणारे सूक्ष्म जीव) राहायला आलेलं असतं. बुरशी भिंती उभारते, ओल धरून ठेवते, खडकाला घट्ट चिकटते. शैवाल उन्हात साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा बुरशी घेते. केशरी शैवाकात ही भाडेकरू मंडळी ट्रेबॉक्सिया नावाच्या हिरव्या शैवालातली असतात. भाडेकरू म्हणा, कैदी म्हणा, भागीदार म्हणा. अभ्यासकांचंही यावर एकमत नाही.

हे दुहेरी जीवन आहे असं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकाच्या अखेरीस मांडलं, तेव्हा शैवाकाचे बडे जाणकार भडकले. आयुष्यभर ज्यांची स्वतंत्र जाती म्हणून वर्णनं लिहिली, ती दोन परक्यांची जोडी निघावी, हे पचायला अवघडच होतं. २०१६ मध्ये काही शैवाकांच्या वरच्या थरात यीस्टच्या रूपातली आणखी एक बुरशी सापडली. म्हणजे घरात अजून कोणकोण राहतं याची मोजणी अजून संपलेली नाही.

मग ‘जाती’चं नाव नक्की कोणाचं?

बुरशीचं. शैवालाला त्याचं वेगळं नाव असतं. झँथोरिया एलिगन्स असं म्हणताना आपण कागदोपत्री फक्त घरमालकाचं नाव घेत असतो.

ससाण्याचं आणि शैवाकाचं काही नातं आहे का?

आहे, आणि ऐकल्यावर क्षणभर थांबायला होतं. बुरशी वनस्पतींच्या कुळातली असते असं आपण गृहीत धरतो, कारण ती हलत नाही. प्रत्यक्षात सजीवांच्या वंशवृक्षावर बुरशी आणि प्राणी एकाच फांदीवर आहेत. हिरवं शैवाल मात्र वनस्पतींच्या फांदीवर, बरंच लांब. याचा अर्थ असा की शैवाकातली बुरशी तिच्याच घरातल्या शैवालापेक्षा कड्यावर बसलेल्या ससाण्याची जास्त जवळची नातेवाईक आहे. दोघांचा समान पूर्वज अब्जभर वर्षांमागचा आहे, त्यामुळे चेहरेपट्टीत साम्य शोधू नका.

ससाणा म्हणजे लहान गरुडच ना?

तसं वाटणं साहजिक आहे. बाकदार चोच, नख्या, शिकारी नजर, सगळं सारखं. पक्षितज्ज्ञही कितीतरी काळ गरुड, घारी आणि ससाणे यांना एकाच गटात बसवत. पण २००८ मध्ये पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ससाणे पोपटांच्या व चिमण्यांसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या शेजारी जाऊन बसले. गरुडांशी असलेलं साम्य हे धंदा एक असल्याने आलेलं साम्य आहे, रक्ताचं नाही.

धंदाही अगदी एक नाही. गरुड आणि घारी मुख्यतः नख्यांच्या पकडीने भक्ष्याचा जीव घेतात. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला एक टोकदार दातेरी कंगोरा असतो. पकडलेल्या पक्ष्याच्या मानेचे मणके तो त्याने तोडतो.

वर्गीकरण करणाऱ्यांना दोघांनीही सारखंच चकवलं आहे : एकाला चुकीच्या घराण्यात घातलं होतं आणि दुसऱ्याला एकच जीव समजलं होतं.

वेगाचं काय? आकडे सांगा.

बहिरी ससाणा सरळ उडताना काही विलक्षण करत नाही. त्याची कमाल सूर मारण्यात आहे. उंचावर जायचं, पंख मिटून अंगाशी घ्यायचे आणि खाली उडणाऱ्या पक्ष्यावर कोसळायचं. अशा सुरात ताशी ३२० किलोमीटरचा वेग सहज सांगितला जातो. एका प्रशिक्षित मादीला विमानातून सोडून मोजलेला विक्रम ताशी ३८९ किलोमीटरचा आहे. तो मुद्दाम घडवून आणलेला प्रयोग होता. रोजच्या शिकारीत एवढ्या वेगाची गरज क्वचितच पडते. आणि एवढा गाजावाजा असूनही ससाण्याचे बहुतेक हल्ले फुकट जातात. वेग आहे म्हणून पोट भरलंच असं नाही.

केशरी शैवाक वर्षाला साधारण अर्धा मिलिमीटर वाढतं. तेही उमेदीच्या काळात, म्हणजे पहिल्या शंभरेक वर्षांत. नंतर आणखी मंदावतं.

ज्यांना गणित हवंच असतं त्यांच्यासाठी : ताशी ३२० किलोमीटरने कोसळणारा ससाणा एका सेकंदात सुमारे ८९ मीटर खाली येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या हिशोबाने तेवढं अंतर पसरायला शैवाकाला पावणेदोन लाख वर्षं लागतील.

हे गणित बरोबर आहे का?

आकडेमोड बरोबर आहे, तुलना चुकीची आहे. ससाण्याचं ते धावणं आहे, शैवाकाची ती वाढ आहे. पळणाऱ्या मुलाची तुलना आपण त्याच्या वाढत्या नखांशी करत नाही.

वाढीशी वाढ ताडून बघायची असेल तर पिल्लाकडे बघा. अंड्यातून निघालेलं मूठभर, पांढरं, डोळे मिटलेलं पिल्लू पाच ते सहा आठवड्यांत जवळपास पूर्ण वजनाचं होऊन कड्यावरून उडी घेतं. त्यानंतर त्याची वाढ संपली ती संपलीच. शैवाकाची वाढ मात्र संपत नाही.

प्रवासाशी प्रवास ताडायचा तर निकाल उलटा लागतो. ‘पेरेग्रिनस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ परदेशी, भटक्या. उत्तरेच्या टुंड्रात वाढणारे काही बहिरी ससाणे थंडीत थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत जातात. जाऊन-येऊन वर्षाकाठी सुमारे २५,००० किलोमीटर. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर हा पक्षी आहे. केशरी शैवाक अंटार्क्टिकातही आहे. एकही पाऊल न टाकता, वाऱ्यावर बीजाणू सोडत सोडत ते तिथे पोचलं. भटक्या हे नाव चुकीच्या जिवाला दिलं गेलं की काय, असं माझ्या मनात येऊन जातं.

दोघं एकमेकांना कुठे भेटतात?

कड्यावर. हा या पानावरचा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

बहिरी ससाणा घरटं बांधत नाही. कड्यातल्या एखाद्या कपारीत, माती-खडीत छातीने आणि पायाने उथळ खळगा करतो आणि त्यात मादी तीन-चार अंडी घालते. जागा मात्र निवडून घेतो : वर छज्जा असावा, खाली खोल उतार असावा, समोर मोकळं आकाश असावं. अशा जागा फार नसतात. त्यामुळे एकच कपार पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते. एक जोडी गेली की दुसरी येते. कपारीशेजारच्या ठरावीक टोकांवर नर-मादी बसतात, तिथेच भक्ष्याची पिसं उपटतात आणि तिथूनच शिटतात.

पक्ष्यांच्या शिटेत पांढरा भाग असतो तो युरिक आम्लाचा, म्हणजे नायट्रोजनचा. उघड्या खडकावर नायट्रोजन ही मोठी चैन आहे. माती नाही, पालापाचोळा नाही. पावसातून आणि धुळीतून मिळेल तेवढंच. ज्या दगडावर रोज वरून खत पडतं तिथे सगळीच शैवाकं तगत नाहीत. अनेकांना ते सोसवत नाही, मरतात. केशरी शैवाकाला मात्र नेमकं हेच हवं असतं. शिटेचा पांढरा ओघळ जिथून जिथून खाली उतरतो, त्याच्या आजूबाजूने हे नारिंगी पसरत जातं.

परिणाम असा की ध्रुवाजवळच्या उजाड प्रदेशात करड्या कड्यावर नारिंगी पट्टा दिसला की अनुभवी माणूस दुर्बीण तिकडे वळवतो. ससाण्यांची, डोमकावळ्यांची, इतर पक्ष्यांची वर्षानुवर्षांची बैठक तिथे असण्याची शक्यता चांगली असते. पक्षी स्वतः खडकाच्या रंगात मिसळून जातो. त्याचा पत्ता शैवाक मोठ्या नारिंगी अक्षरांत लिहून ठेवतं.

एकच जागा किती काळ वापरली जाते?

बहिरी ससाण्याच्या काही कपारी शतकानुशतकं वापरात असल्याच्या नोंदी आहेत. त्याचा थोरला चुलतभाऊ जायरफाल्कन याच्याबाबत तर याहून थक्क करणारं उत्तर मिळालं. ग्रीनलंडमधल्या त्याच्या घरट्यांच्या जागी साचलेल्या विष्ठेच्या थरांचं कार्बन पद्धतीने वय काढलं गेलं आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळ्यात जुनी जागा सुमारे अडीच हजार वर्षांची निघाली. थंड, कोरड्या हवेत विष्ठा कुजत नाही, थरावर थर बसत जातो. ग्रीनलंडच्या त्या कड्यांवरची काही नारिंगी वर्तुळं किती पिढ्या ससाण्यांनी पोसली असतील याचा अंदाज त्यावरून करा.

ससाण्याला शैवाकाचा काही उपयोग होतो का?

थेट काही नाही. काही छोटे पक्षी घरटं लपवण्यासाठी बाहेरून शैवाकाचे तुकडे चिकटवतात. हमिंगबर्ड त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ससाण्याकडे लपवायला घरटंच नाही. या नात्यात देणं एका बाजूने आहे आणि तेही देणाऱ्याला ठाऊक नाही.

कोण जास्त जगतं?

ससाण्याची पिल्लं निम्म्याहून अधिक पहिल्या वर्षातच मरतात. शिकार शिकता शिकता उपाशी राहणं हे मोठं कारण. त्यातून तरली तर रानात पंधरा-वीस वर्षं म्हणजे पराकाष्ठा.

शैवाकाच्या बाबतीत ‘किती जगतं’ हा प्रश्नच नीट विचारता येत नाही. चकती बाहेरच्या कडेने वाढते आणि मधला जुना भाग कधी कधी मरून गळून जातो. उरतं ते कडं. मग जन्मलेला भाग मेला आणि कडं जिवंत आहे, तर वय कोणाचं धरायचं? शिवाय दोन चकत्या वाढत वाढत एकमेकींना भिडल्या की कुठे एक संपते आणि कुठे दुसरी सुरू होते तेही कळत नाही. ध्रुवीय भागात काही शैवाकं हजारो वर्षांची असल्याचे अंदाज आहेत.

या संथपणाचा उपयोग मात्र माणसाने करून घेतला. १९५० मध्ये ऑस्ट्रियाचे रोलांड बेशेल यांनी सुचवलं की हिमनदी मागे सरकल्यावर उघडे पडलेले दगड कधी उघडे पडले हे त्यांवरच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या व्यासावरून काढता येईल. ज्यांची तारीख ठाऊक आहे अशा जुन्या भिंती, थडगी यांवरची शैवाकं मोजायची, त्यातून त्या भागापुरता वाढीचा वेग काढायचा आणि तो दगडांना लावायचा. नकाशासारखी दिसणारी पिवळट-हिरवी रायझोकार्पन ही या कामाची मुख्य जाती. केशरी शैवाकही वापरलं जातं. पद्धतीवर टीका बरीच आहे, कारण ऊन, पाऊस आणि खडकाचा प्रकार बदलला की वेग बदलतो. आणि पक्ष्याची बैठक असलेल्या दगडावरचं मोजमाप तर घेऊच नये. तिथली चकती खतावर पोसलेली असते, दगड आहे त्याहून म्हातारा वाटेल.

शैवाक अंतराळात जाऊन आलं हे खरं का?

हो, आणि नेमकं हेच शैवाक. २००५ मध्ये रशियाच्या फोटॉन यानाच्या बाहेरच्या बाजूला केशरी शैवाक आणि रायझोकार्पन ठेवून झाकण उघडण्यात आलं. सुमारे पंधरा दिवस निर्वात पोकळी, थेट अतिनील किरण आणि तापमानाचे झोके सोसून ती परतली. पाणी दिल्यावर प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झालं. पुढे २००८ ते २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर केशरी शैवाक दीड वर्ष ठेवलं गेलं. तेव्हाही त्यातल्या बहुतांश पेशी जिवंत निघाल्या.

इथे एक खुलासा हवा, कारण बातम्यांमध्ये तो गाळला जातो. शैवाक तिथे वाढलं नाही. ते वाळलेल्या, निद्रिस्त अवस्थेत होतं. पाणी संपलं की शैवाक मरत नाही, थांबतं. अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गेलं तरी पेशींची रचना टिकते आणि दवाचा थेंब मिळाला की काही मिनिटांत श्वास सुरू होतो. खडकावरचं त्याचं बरंचसं आयुष्य असंच थांबलेल्या अवस्थेत जातं.

ससाण्याला थांबता येत नाही. चाळीस अंशांच्या आसपासचं शरीर रात्रंदिवस तापतं ठेवायचं म्हणजे इंधन टाकत राहावंच लागतं. वेगाची किंमत ती आहे.

दोघंही ‘प्रदूषणाचे साक्षीदार’ कसे?

आधी शैवाकाची गोष्ट, कारण ती जुनी आहे. १८६६ मध्ये विल्यम नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांची नोंद प्रसिद्ध केली. शहरात इतरत्र न दिसणाऱ्या जाती त्या बागेत होत्या, आणि याचा संबंध हवेच्या शुद्धतेशी आहे, असं त्यांनी सुचवलं. (श्वेंडेनर यांच्या दुहेरी जीवनाच्या कल्पनेला कडाडून विरोध करणाऱ्यांत हेच नायलँडर होते. माणूस एका बाबतीत काळाच्या पुढे आणि दुसऱ्या बाबतीत हट्टी असू शकतो.) कारण पुढे उलगडलं. शैवाकाला मूळ नाही, पानाला असते तशी मेणाची साल नाही, उघडझाप करणारी छिद्रं नाहीत. हवेतलं आणि पावसातलं जे येईल ते सगळ्या अंगाने आत घेतं. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओल्या शैवाकात विरघळतो आणि शैवालातलं हरितद्रव्य निकामी करतो. भाडेकरू मेला की घर पडतं. १९७० मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी झाडांच्या सालीवरच्या शैवाकांवरून हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज करण्याची श्रेणीच तयार करण्यात आली.

ससाण्याची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली की ससाणे फार झालेत, आमची कबुतरं खातात. म्हणून १९६१-६२ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांच्याकडे गणना सोपवली गेली. निघालं काय, तर ससाणे वाढले नव्हते, धडाधड नाहीसे होत होते. कपारींत फुटलेली अंडी सापडत होती. रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली अंड्यांची कवचं वजन करून पाहिली. १९४७च्या सुमारापासून कवच एकाएकी पातळ झालेलं दिसलं, सरासरीने जवळजवळ पाचव्या हिश्श्याने. हा निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. डीडीटी हे कीटकनाशक शेतात सर्रास वापरायला लागल्याचा काळ हाच.

डीडीटी शरीरात गेल्यावर त्यापासून डीडीई बनतं. ते चरबीत साठतं, बाहेर पडत नाही. किड्यात थोडं, किडे खाणाऱ्या पक्ष्यात जास्त, असे शंभर पक्षी खाणाऱ्या ससाण्यात त्याहून कितीतरी जास्त. मादीच्या शरीरात कवच घडवणाऱ्या ग्रंथीला कॅल्शियम पुरवण्याच्या कामात ते अडथळा आणतं. मग उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडी फुटतात. ब्रिटनमध्ये याच्या जोडीला बियाण्याला चोळलेल्या डीलड्रिनसारख्या औषधांनी प्रौढ ससाणेही मारले. अमेरिकेच्या पूर्व भागात १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रजनन करणारा बहिरी ससाणा उरला नाही. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, पिंजऱ्यात वाढवलेली हजारो पिल्लं कड्यांवर आणि इमारतींवर सोडली गेली, आणि १९९९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. शैवाक अन्नसाखळीच्या तळाशी आहे आणि त्याच्यात विष हवेतून थेट शिरतं, मध्ये कोणी नाही. ससाणा साखळीच्या टोकाला आहे आणि त्याच्याकडे विष टप्प्याटप्प्याने, प्रत्येक पायरीवर घट्ट होत येतं. एकाने जे सांगितलं ते दुसऱ्याला सांगता आलं नसतं. धुराने शैवाकं गेली तेव्हा ससाणे तगून होते. डीडीटीने ससाणे गेले तेव्हा कड्यावर शैवाकं जागच्या जागी होती. नायलँडर आणि रॅटक्लिफ यांच्या निष्कर्षांमध्ये १०१ वर्षांचं अंतर आहे.

म्हणजे केशरी शैवाक दिसलं की हवा स्वच्छ, असं समजायचं?

अजिबात नाही. ‘शैवाक म्हणजे शुद्ध हवा’ हे वाक्य फार फिरतं आणि ते अर्धवट आहे. कोणतं शैवाक हा प्रश्न आधी विचारा. नारिंगी-पिवळी झँथोरिया मंडळी नायट्रोजनची भुकेली. कड्यावर तो पक्ष्यांकडून येतो, पण गोठ्यांच्या आणि खत घातलेल्या शेतांच्या आसपास हवेतल्या अमोनियातूनही येतो. सल्फर कमी झाल्यावर अनेक ठिकाणी झाडांवर शैवाकं परत आली खरी, पण पुष्कळदा आली ती केशरी शैवाकाची जवळची बहीण झँथोरिया पॅरिएटिना. झाडाची खोडं एका रंगात नारिंगी झाली असतील तर हवेत नायट्रोजन जास्त असल्याचा संशय घ्या. नाजूक, दाढीसारखी लोंबणारी शैवाकं दिसली तर हवेबद्दल बरं बोलायला हरकत नाही.

शैवाकाचा नारिंगी आणि ससाण्याच्या पायांचा पिवळा, हे रंग एकच आहेत का?

नाहीत. शैवाकाचा रंग पॅरिएटिन या द्रव्याचा. ते बुरशी स्वतः बनवते आणि वरच्या थरात पसरते, म्हणजे प्रखर उन्हातली निळी आणि अतिनील किरणं आतल्या शैवालापर्यंत पोचण्याआधी अडतात. थोडक्यात, भाडेकरूसाठी लावलेला पडदा. म्हणूनच सावलीतलं तेच शैवाक फिकट, हिरवट पिवळं दिसतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की ते झटकन जांभळं-लाल होतं. ओळख पटवण्याची ही जुनी खूण आहे.

ससाण्याच्या पायांचा, डोळ्यांभोवतीच्या कड्याचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा. तो पक्ष्याला स्वतः बनवता येत नाही. वनस्पतींकडून किड्यांत, किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि तिथून ससाण्यात येतो. डीडीटी ज्या रस्त्याने आलं, त्याच रस्त्याने.

शैवाकाला ‘पिल्लं’ कशी होतात?

कष्टाने. चकतीच्या मध्यभागी नारिंगी वाट्या दिसतात, त्यांतून बुरशी बीजाणू उडवते. पण ते बीजाणू फक्त बुरशीचे. ते जिथे पडतील तिथे योग्य शैवाल भेटलं तरच नवं शैवाक उभं राहतं. नाहीतर संपलं. पुष्कळ शैवाकं बुरशी आणि शैवाल एकत्र बांधलेल्या पुड्या तयार करून ही अडचण टाळतात. केशरी शैवाकाकडे तशा पुड्या नाहीत. पॅरिएटिना बहिणीच्या बाबतीत असं दिसलं आहे की तिला खाणाऱ्या बारीक कोळीकिड्यांच्या विष्ठेतून बुरशी आणि शैवाल दोन्ही जिवंत बाहेर पडतात आणि नवी सुरुवात करू शकतात. म्हणजे या घराण्यात पोषणापासून प्रसारापर्यंत विष्ठेचा हात मोठा आहे.

ससाण्याचं सोपं : साधारण महिनाभर उबवणं, दीड महिना भरवणं आणि मग हवेतल्या हवेत भक्ष्य टाकून झेलायला शिकवणं.

शहरात दोघं दिसतात का?

दिसतात, कारण दोघांच्याही लेखी उंच इमारत हा एक कडाच आहे. ससाण्याला छज्जा, खोल उतार आणि खाली उडणारी कबुतरं मिळाली की पुरे. केशरी शैवाकाला चुनखडीसारखा खडक आवडतो आणि सिमेंट त्याला तसंच लागतं.

यांना बघताना काय काळजी घ्यावी?

ससाणा लांबून बघा. विणीच्या काळात कपारीजवळ जाऊ नका. आई उठली की अंडी गार पडतात. पक्षी मोठ्याने, एकसारखा ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला तर तुम्ही आधीच फार जवळ आला आहात.

शैवाकाला मात्र नाक टेकेपर्यंत जवळ जा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. फक्त खरवडू नका. अंगठ्याएवढा तुकडा उचलला तर तो भरून यायला कित्येक दशकं लागू शकतात.

कड्यावर नारिंगी पट्टा आहे, पण ससाणा कधीच दिसत नाही. असं का?

शैवाक आज कोण बसतं ते सांगत नाही, आजवर कोण बसत आलं ते सांगतं. जोडी गेली तरी नारिंगी रंग लगेच जात नाही. चकत्या कित्येक दशकं टिकतात. म्हणून नारिंगीच्या वर बघा. तिथे ताजे, चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ असतील आणि खाली दगडांत उपटलेली पिसं पडलेली असतील, तर बसून राहा, पक्षी येईल. पांढरं काहीच नसेल आणि नुसतं नारिंगी असेल, तर ती जागा सध्या रिकामी आहे. पुढच्या विणीच्या हंगामात परत येऊन बघा.